टाच टेकते का, हे आधी पाहावे

नुकतेच चालायला लागलेले मूल चवड्यांवर तुरुतुरु चालते तेव्हा त्याचे कौतुक होते. तेच मूल तिसरे वर्ष लागले तरी टाच टेकवत नाही असे लक्षात आले, की घरात काळजी सुरू होते आणि दिवसभर ‘टाच टेकव’ असे बजावले जाऊ लागते. बजावले की मूल चार पावले टाच टेकवून चालते, आणि खेळात रमले की टाचा पुन्हा वर जातात. हा हट्टीपणा नव्हे. चालणे ही आपोआप होणारी क्रिया आहे आणि लहान मुलाला सतत स्वतःच्या पावलांवर लक्ष ठेवता येत नाही, म्हणून रागावण्यातून काहीच साधत नाही.

चालायला लागल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असे चालणे स्वाभाविक असते. दोन वर्षांनंतरही ते टिकून राहिले, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्यावे. बहुतेक मुलांमध्ये तपासणीत कोणताही आजार सापडत नाही. पुष्कळदा आई-वडिलांपैकी कोणीतरी लहानपणी असेच चालत असे, एवढेच समजते. स्वीडनमधील 1,436 मुलांच्या पाहणीत साधारण 5 टक्के मुले कधी ना कधी अशी चालत असल्याचे आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांची चाल साडेपाच वर्षांपर्यंत, तर सुमारे 79 टक्क्यांची दहा वर्षांपर्यंत आपोआप सुधारली.

तरीही वाट पाहताना एका गोष्टीकडे लक्ष हवे. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो आणि अ‍ॅकिलिस टेंडन या जाड पट्ट्याने टाचेला जोडला जातो. टाच कायम वर राहिली, तर हा स्नायू पुरेसा ताणला जात नाही, हळूहळू आखडतो, आणि मग मुलाने ठरवले तरी टाच जमिनीला लागत नाही. म्हणून मूल टाच टेकवते का, यापेक्षा त्याला ती टेकवता येते का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मूल उभे राहून चित्र काढत असेल किंवा उकिडवे बसून खेळत असेल, तेव्हा बाजूने त्याच्या टाचांकडे पाहावे. एरवी खाली येणारी टाच हल्ली अधांतरीच राहते असे दिसले, तर तपासणी लांबवू नये.

काही लक्षणे दिसल्यास तर वयाचाही विचार न करता डॉक्टरांकडे जावे: फक्त एकाच पायाची टाच वर राहणे, आधी नीट चालणारे मूल अचानक चवड्यांवर चालू लागणे, पाय ताठर वाटणे, बोलणे किंवा नजरेला नजर देणे मागे पडणे, किंवा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येणे. यामागे सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), मज्जारज्जूचे दोष, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा, विशेषतः मुलग्यांमध्ये, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू दुबळे करणारा आनुवंशिक आजार असू शकतो. या शेवटच्या आजारात पोटऱ्या भरदार दिसतात, त्यामुळे मूल सुदृढ आहे असा गैरसमज सहज होतो.

आजार नसेल, तर घरी खेळातून बरेच करता येते: फक्त टाचांवर चालण्याची शर्यत, चढावर चालणे, उकिडवे बसून ठोकळे रचणे. पोटरीला ताण कसा द्यायचा, हे फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. तो देताना गुडघा सरळ हवा, कारण गुडघा वाकला की तो मोठा स्नायू सैल पडतो. मूल कण्हत असेल तर तिथेच थांबावे. चाकांचा वॉकर मात्र पूर्ण टाळावा, त्यात बसलेले मूल चवड्यांनीच जमीन ढकलत राहते. स्नायू आखडलाच असेल, तर दर एक-दोन आठवड्यांनी बदलले जाणारे प्लास्टर घालून घोटा टप्प्याटप्प्याने मोकळा करतात. शस्त्रक्रियेची गरज थोड्याच मुलांना पडते.

तपासणीच्या खोलीत नवख्या माणसासमोर मूल बऱ्याचदा अगदी व्यवस्थित चालून दाखवते. त्यासाठी मूल अनवाणी खेळत असताना, त्याच्या नकळत, बाजूने आणि मागून मोबाइलवर एखाद्या मिनिटाचे चित्रण करून ठेवावे, आणि रोजचे जुने बूटही सोबत न्यावेत. तळ फक्त पुढेच झिजला असेल, तर डॉक्टरांना तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते.