लेक्चर बुडवलं तर व्हिसा का जातो: यूकेतल्या 'एंगेजमेंट'ची मागची गोष्ट

यूकेला मास्टर्सला गेलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच कळतं की इथे लेक्चर बुडवणं ही फक्त आपली आणि सरांची बाब नाही. वर्गात स्क्रीनवर कोड येतो तो अ‍ॅपमध्ये टाकायचा, कुठे दाराशी रीडर असतो त्यावर कार्ड टॅप करायचं, आणि चार-पाच वेळा राहून गेलं की ईमेल येतो, भाषा एकदम गोड, तुम्ही ठीक आहात ना, काही मदत हवी का, आणि खाली एक ओळ की तुम्ही स्टुडंट व्हिसावर आहात त्यामुळे आम्हाला होम ऑफिसला (तिथल्या गृहखात्याला, व्हिसा तेच बघतं) कळवावं लागू शकतं. आपल्याकडे डिफॉल्टर लिस्ट लागते, घरच्यांना बोलावतात, टर्म ग्रँट होईना म्हणून दोन दिवस धावाधाव होते आणि मेडिकल सर्टिफिकेट लावून मिटतं. तिथे तेच प्रकरण देशात राहायच्या परवानगीपर्यंत जातं. हे कधीपासून आणि का, हे जायच्या आधी कोणी नीट सांगत नाही, एजंट तर नाहीच, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

बरंच मागे जावं लागेल, कारण इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या भारतीय पोरांवर लक्ष ठेवायची कल्पना व्हिसापेक्षाही जुनी आहे. १९०५ मध्ये श्यामजी कृष्ण वर्मांनी लंडनच्या हायगेट भागात इंडिया हाऊस सुरू केलं, १९०६ मध्ये सावरकर त्यांचीच स्कॉलरशिप घेऊन बॅरिस्टर व्हायला तिथे आले, आणि हे विद्यार्थी नक्की काय करतात हा प्रश्न इंडिया ऑफिसला, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्याला, सतावायला लागला. १९०७ मध्ये या विद्यार्थ्यांच्या चौकशीसाठी ली-वॉर्नर समिती नेमली. समितीचा अहवाल तेव्हा छापलाच नाही, तो लोकांसमोर आला १९२२ मध्ये लिटन समितीच्या अहवालाबरोबर. पण त्यातून १९०९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांना माहिती देणारा एक ब्युरो उभा राहिला, टी. डब्ल्यू. अर्नोल्ड हे भारतीय विद्यार्थ्यांचे शैक्षणिक सल्लागार झाले, आणि पुढे २१, क्रॉमवेल रोड या पत्त्यावर ऑफिस आणि राहायची सोय असं दोन्ही चालायला लागलं. कागदावर सगळं मदतीसाठीच होतं, अ‍ॅडमिशन मिळवून देणं, खोली शोधून देणं, चांगल्या वर्तणुकीचा दाखला देणं. पण १ जुलै १९०९ ला मदनलाल धिंग्रांनी, जे स्वतः युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, इंडिया ऑफिसमधला अधिकारी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या आणि त्यानंतर असल्या मदतीमागे हेरगिरी आहे हा मुलांचा संशय कधी गेलाच नाही. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. काळजी घेणारं ऑफिस आणि नजर ठेवणारं ऑफिस एकच असलं की मुलं मदत मागायलाही जात नाहीत, हे तेव्हाच दिसलं होतं.

तरी एक गोष्ट त्या काळात सोपी होती. शिक्षणात खंड पडला तर तो विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यातला मामला होता. बाबासाहेब १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, बडोद्याची स्कॉलरशिप संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं, पण चार वर्षांच्या आत परत येऊन पुढे चालू करायची परवानगी लंडन विद्यापीठाने दिलेली होती. १९२० मध्ये ते गेले, १९२१ मध्ये एमएस्सी, १९२३ मध्ये डीएस्सी. आज कोणाला पैशाअभावी असं मध्येच परतावं लागलं तर विद्यापीठ कदाचित जागा राखून ठेवेलही, पण स्पॉन्सरशिप, म्हणजे विद्यापीठाने सरकारकडे तुमची घेतलेली जबाबदारी, संपते, परत यायचं तर नवा कॅस (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो स्पॉन्सरशिपचा दाखला), नवी फी, पुन्हा बँक स्टेटमेंट, नवा व्हिसा.

मधली पन्नास-साठ वर्षं भराभर सांगतो. १९६२ च्या कायद्याने कॉमनवेल्थमधल्या लोकांचं मोकळं येणं बंद झालं, १९७१ च्या कायद्यावर आजची सगळी इमिग्रेशन व्यवस्था उभी आहे, आणि १९८० पासून थॅचर सरकारने बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून पूर्ण खर्चाएवढी फी घ्यायला लावली. हा शेवटचा बदल लक्षात ठेवा, कारण तिथून परदेशी विद्यार्थी हा विद्यापीठाच्या कमाईचा भाग झाला. १९९९ मध्ये टोनी ब्लेअर यांनी तर टार्गेटच ठेवलं, इंग्रजी बोलणाऱ्या प्रमुख देशांत जेवढे परदेशी विद्यार्थी उच्च शिक्षणाला जातात त्यातले २५ टक्के ब्रिटनने खेचायचे.

आता त्या काळात तपासणी कशी होती बघा. नियम होता की आठवड्याला किमान १५ तास दिवसाचा अभ्यास हवा आणि व्हिसा वाढवताना नियमित हजेरीचा पुरावा हवा. म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी एकदा, ते पण कॉलेजनेच दिलेलं पत्र बघून. मध्ये मुलगा वर्गात आहे की रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भांडी घासतोय हे सरकारला कळायचा मार्गच नव्हता. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, दारावर लंडन आणि कॉलेज असे शब्द असलेली पाटी, आणि आत वर्गच नाही, अशी कॉलेजं त्यातून उगवली. त्यात फसवणारे विद्यार्थी होते तसेच फसलेलेही होते, गावाकडची जमीन गहाण टाकून आलेली मुलं विमानतळावरून पत्ता शोधत जायची आणि तिथे टाळं असायचं.

यावर उत्तर म्हणून ३१ मार्च २००९ पासून टियर ४ हा नवा विद्यार्थी व्हिसा आला आणि आजच्या सगळ्याची मुळं इथे आहेत. आधी व्हिसा अधिकारी ठरवायचा की हा खरा विद्यार्थी आहे की नाही. आता कॉलेजला स्पॉन्सर म्हणून लायसन्स घ्यावं लागणार, कॉलेजच कॅस देणार, आणि विद्यार्थी आला नाही, नोंदणी केली नाही, कोर्स सोडला तर होम ऑफिसच्या ऑनलाईन सिस्टिममधून १० वर्किंग डेजच्या आत कळवणार. हजेरीसाठी तो बराच गाजलेला नियम आला, लागोपाठ १० अपेक्षित संपर्क चुकले की रिपोर्ट करा. संपर्क म्हणजे फक्त लेक्चर नाही, ट्युटोरियल, परीक्षा, असाइनमेंट जमा करणं, पीएचडीवाल्यांची सुपरवायजरबरोबरची भेट, हे सगळं त्यात येत होतं. प्राध्यापकांच्या यूसीयू संघटनेने उघड विरोध केला की आम्ही शिकवायला आहोत, सीमेवर पहारा द्यायला नाही. माझं मत त्यांच्या बाजूने आहे, पण बोगस कॉलेजांनी सरकारच्या हातात कारण आयतं दिलं होतं हेही खरं.

सुरुवातही गडबडीत झाली. लायसन्स वाटली गेली पण नियंत्रणं तयारच नव्हती, अर्जांचा पूर इतका आला की फेब्रुवारी २०१० मध्ये उत्तर भारत, नेपाळ आणि बांगलादेशातून अर्ज घेणं काही काळ थांबवावं लागलं. २०१२ मध्ये त्यांच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने अंदाज दिला की पहिल्या वर्षात ४० ते ५० हजार लोक शिकायला नाही तर काम करायला या मार्गाने आले असावेत. हा आकडा पेपरात आला आणि सरकारवर दबाव आला की कोणावर तरी कडक कारवाई दिसली पाहिजे.

ती कारवाई झाली लंडन मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीवर. ऑगस्ट २०१२ च्या शेवटी, टर्म सुरू व्हायला काही आठवडे असताना, यूके बॉर्डर एजन्सीने (होम ऑफिसची व्हिसा आणि सीमा बघणारी तेव्हाची संस्था) तिचं लायसन्सच काढून घेतलं. विद्यापीठाचं लायसन्स जायची ही पहिली वेळ, त्याआधी एक-दोघांचं फक्त सस्पेंड होऊन परत मिळालं होतं. एजन्सीचं म्हणणं असं की तपासलेल्या १०१ विद्यार्थ्यांपैकी पावपेक्षा जास्त जणांकडे देशात राहायची वैध परवानगीच नव्हती, आणि हजेरीच्या २५० नोंदी पाहिल्या त्यात १४२ मध्ये, म्हणजे ५७ टक्क्यांत, गडबड होती. विद्यार्थी दोन हजारांच्या वर होते. त्यातले कितीतरी जण शेवटच्या वर्षाला, रोज वर्गात बसलेले, फी भरलेले, आणि त्यांना सांगितलं गेलं की दुसरा स्पॉन्सर शोधा, पत्र मिळाल्यापासून ६० दिवस, नाहीतर परत जा. दुसरं विद्यापीठ तिसऱ्या वर्षात सहजासहजी घेत नाही, सिलॅबस जुळत नाही, क्रेडिट्स जुळत नाहीत, भरलेली फी अडकते. सप्टेंबरमध्ये हायकोर्टाने वैध व्हिसा असलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना शिकत राहायची मुभा दिली आणि एप्रिल २०१३ मध्ये लायसन्स परत मिळालं. पण तोवर देशातल्या प्रत्येक विद्यापीठाने जो काय धडा घ्यायचा तो घेतला होता. नोंदी ठेवण्यात चूक झाली विद्यापीठाची आणि घर सोडायची वेळ आली मुलांवर, हे मला आजही अन्यायाचंच वाटतं.

त्यानंतर जिथे तिथे व्हिसाचे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या कम्प्लायन्स टीम उभ्या राहिल्या, सॉफ्टवेअर आली, कार्ड रीडर लागले. फक्त परदेशी मुलांची हजेरी घेतली तर भेदभाव दिसतो म्हणून बऱ्याच ठिकाणी सगळ्यांचीच घ्यायला लागले, परिणाम मात्र वेगळेच, ब्रिटिश मुलाला ट्युटरचा ईमेल आणि आपल्या मुलाला ईमेलच्या पाठीमागे व्हिसा. २०१४ मध्ये बीबीसी पॅनोरामाने व्हिसासाठी चालणाऱ्या इंग्रजीच्या टोईक परीक्षेतला घोटाळा दाखवला, जूनमध्ये ५७ खासगी कॉलेजांची लायसन्स सस्पेंड झाली, ३३ हजारांहून जास्त लोकांचे निकाल अवैध धरले गेले आणि त्यात निर्दोष असल्याचं सांगत वर्षानुवर्षं कोर्टात झगडणारे कितीतरी भारतीय होते. त्याच वर्षी स्पॉन्सरच्या कॅसवर नाकारल्या जाणाऱ्या व्हिसांची मर्यादा २० वरून १० टक्क्यांवर आणली.

मग कोविड. मार्च २०२० मध्ये होम ऑफिसला सवलत द्यावी लागली की ऑनलाईन शिकलं तरी चालेल, कोरोनामुळे गैरहजर असलेल्यांना रिपोर्ट करू नका. आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं पहिलं सेमिस्टर पुण्या-नाशिकला घरीच झालं, दुपारी-संध्याकाळी लॅपटॉपसमोर. वर्गच नाही तर १० संपर्क मोजायचे कसे? ५ ऑक्टोबर २०२० ला टियर ४ जाऊन स्टुडंट रूट आलं आणि या सगळ्या काळात जुन्या मोजणीच्या जागी अ‍ॅकॅडेमिक एंगेजमेंटचं, म्हणजे अभ्यासातल्या सहभागाचं, धोरण बसलं. डिग्री आणि त्यावरच्या कोर्सेससाठी विद्यापीठाने स्वतःचं धोरण लिहायचं, काय काय बघणार, किती दिवस दिसला नाही की हस्तक्षेप करणार, कधी स्पॉन्सरशिप काढणार, आणि होम ऑफिसने मागितलं की दाखवायचं. डिग्रीच्या खालच्या कोर्सेसना हजेरीच. म्हणून लीड्सला असलेल्या मैत्रिणीचा नियम आणि कॉव्हेंट्रीतल्या चुलत भावाचा नियम वेगळा असू शकतो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाचं ऐकून दुसऱ्याने वागणं धोक्याचं आहे. आपल्या विद्यापीठाचं धोरण वेबसाईटवर शोधा, नाही सापडलं तर मागा.

जुलै २०२१ मध्ये दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा सुरू झाला, २०१२ ला बंद केलेली शिक्षणानंतरची नोकरीची वाट पुन्हा उघडली, आणि एका वर्षाच्या एमएस्सीला महाराष्ट्रातून रांगा लागल्या. सोबत नजरही वाढली. स्पॉन्सरला दरवर्षी तीन आकडे सांभाळावे लागत होते, व्हिसा नकार १० टक्क्यांच्या खाली, कॅस दिलेल्यांपैकी ९० टक्के नोंदणी आणि ८५ टक्के कोर्स पूर्ण. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत हे तिन्ही पाच-पाच टक्क्यांनी कडक करायचं मांडलं, म्हणजे ५, ९५ आणि ९०, आणि ग्रॅज्युएट व्हिसाही १८ महिन्यांवर आणायचं. शंभरातले अकरा जण कोर्स सोडून गेले तर विद्यापीठाच्या लायसन्सवर गदा येणार असेल तर ते तुमच्या मागे लागणारच, नोव्हेंबरात अंधार पडायला लागला की घरची आठवण येऊन खोलीतून बाहेर न पडणाऱ्या मुलाच्या तर जास्तच. वाईट याचं वाटतं की ज्याला खरंच डिप्रेशन आलंय तोच तो ईमेल उघडत नाही, कारण खाली होम ऑफिसचं नाव असतं.

उघडा. आजारी असाल, घरी कोणी वारलं असेल, तर आधी कळवून मंजूर रजा, म्हणजे ऑथराइज्ड अ‍ॅब्सेन्स घ्या, लेखी घ्या. ६० दिवसांच्या वर खंड जाणार असेल तर साधारणपणे स्पॉन्सरशिप काढली जाते, आणि रिपोर्ट झाला की होम ऑफिस व्हिसाची मुदत कापतं, बहुतेकदा ६० दिवसांवर आणतं. नोकरीची शिफ्ट लेक्चरच्या वेळेवर घेऊ नका, आठवड्याला २० तासांची मर्यादा पाळली तरी वर्गातली गैरहजेरी त्याने माफ होत नाही. आणि पुढे ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज करताना नुसता निकाल लागून भागत नाही, विद्यापीठाने रिपोर्ट करायच्या त्याच ऑनलाईन सिस्टिममधून तुमचा कोर्स यशस्वीपणे पूर्ण झाल्याचं होम ऑफिसला कळवलेलं असावं लागतं, तेव्हा अर्ज भरायच्या आधी व्हिसा टीमला मेल टाकून ते झालंय का हे विचारून घ्या.