आधी कोण थांबणार, आधी कोण उठणार

अमेरिकेतल्या बऱ्याच केबल कंपन्यांचे डिजिटल सेट-टॉप बॉक्स डीएनसीएस नावाच्या नियंत्रण यंत्रणेच्या ताब्यात असत. ती बनवली सायंटिफिक-अटलांटा कंपनीनं. 2006 मध्ये ही कंपनी सिस्कोनं घेतली. सन कंपनीच्या सर्व्हरवर या यंत्रणेच्या एकाच वेळी कितीतरी प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, चालत. एक वाहिन्यांची माहिती बॉक्सपर्यंत पोचवणार, दुसरी बिलिंगशी बोलणार, तिसरी मॉड्युलेटर, म्हणजे चित्राचा सिग्नल केबलवर चढवणारी यंत्रं, सांभाळणार. सगळ्यांच्या तळाशी डेटाबेस.

गंमत अशी, की देखभालीसाठी हे सगळं थांबवलं तरी घरात लागलेली मॅच सहसा बंद पडत नाही. चित्राचा रस्ता वेगळा आहे. मॉड्युलेटरला एकदा काम नेमून दिलं की तो ते करत राहतो. अडतं ते नवं काम: नवा बॉक्स चालू करणं, मागणीनुसार सिनेमा देणं. म्हणून थांबवण्या-उठवण्याची कामं मध्यरात्रीनंतर काढतात.

थांबवताना वरून खाली यायचं. आधी सेवांची ॲप्स चालवणारा ॲप्लिकेशन सर्व्हर, मग डीएनसीएस, डेटाबेस शेवटी. उठवताना बरोबर उलट. क्रम चुकला तर वरची प्रोसेस उठते, खालचीला हाक मारते, उत्तर न मिळाल्यानं कोसळते, आणि लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या नोंदवहीत, दोष मात्र तिच्याच नावावर लागतो.

पडद्यावर प्रत्येक प्रोसेसपुढे ठिपका असतो, चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. पण सगळे ठिपके लाल दिसले म्हणून लगेच ‘स्टार्ट’ दाबणं धोक्याचं. एखादी हट्टी प्रोसेस मागे उरलेली असू शकते. तिनं पोर्ट, म्हणजे संदेश घेण्याचा क्रमांक दिलेला दरवाजा, धरून ठेवला असेल, तर तोच पोर्ट मागणारी नवी प्रोसेस उठूच शकत नाही. म्हणून आधी प्रोसेसची यादी काढून बघायची. उरलेलीला सरळ ‘किल -9’ ही जबरदस्तीनं बंद करणारी आज्ञा देण्याचा मोह होतो, पण त्या आज्ञेत आवराआवरीला क्षणभरही मिळत नाही. अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते.

हिरव्या ठिपक्याचंही तसंच. प्रोसेस जिवंत आहे एवढंच तो सांगतो, ती कामाला तयार आहे की नाही ते नाही. लाखभर बॉक्सची माहिती डेटाबेसमधून वाचायला वेळ लागतोच. आजच्या लिनक्समधल्या सिस्टिमडीत, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, यावर सोय आहे: ‘मी तयार’ असा निरोप प्रोसेसनं स्वतः दिल्याशिवाय तिच्यावर विसंबणाऱ्या पुढच्या सेवा उठवल्याच जात नाहीत. एरिक्सन कंपनीच्या एर्लांग या प्रोग्रामिंग भाषेत तर एक प्रोसेस पडली की ती आणि तिच्यानंतर सुरू झालेल्याच तेवढ्या पुन्हा उठवायच्या, असा नियम लावता येतो. मला ही कल्पना फार आवडते, कारण आधीच्यांना उगाच धक्का लागत नाही.

सगळं उठल्यावर खरी गर्दी बाहेरून येते. केबल इंटरनेटमध्ये मुख्य यंत्र परत आलं की हजारो मोडेम एकदमच जोडणी मागतात आणि त्यांचे संदेश एकमेकांवर आदळतात. म्हणून केबल इंटरनेटच्या डॉक्सिस या मानकात मोडेमनं एका मर्यादेतली यादृच्छिक वेळ थांबायचं असतं. प्रयत्न फसला की ती वेळेची मर्यादा दुप्पट, पुन्हा फसला की आणखी दुप्पट, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत.