टिकटिक तबकडीची की टेपवरची?
जॅझ आणि रॉकच्या रेकॉर्ड घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

'रेकॉर्ड खराब निघाली' म्हणून परत आलेली प्रत्येक तबकडी आम्ही आधी पूर्ण ऐकतो. पुष्कळदा तक्रार बरोबर असते. ओरखडा असतो, तबकडी वाकलेली असते किंवा खाचेत धूळ घट्ट बसलेली असते. पण कधीकधी ग्राहकाला खटकलेला आवाज तबकडीचा नसतोच. कलाकार वाजवत होते तेव्हाच तो मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपवर उतरलेला असतो. प्रत कितीही वेळा बदलून दिली तरी तो तिथेच भेटणार. असे आवाज कोणते आणि ते कसे ओळखायचे, हे सांगायला हे पत्रक काढलं आहे. त्यांतल्या काही आवाजांवर आमचा फार जीव आहे, तेही इथे लपवलेलं नाही.

आधी घड्याळ लावा

मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो. खाचांवर आडवा ओरखडा असेल तर सुई दर फेऱ्याला त्याच्यावरून जाते, म्हणून 'टक्' हा आवाज बरोबर १.८ सेकंदांनी पुन्हा येतो. एका टिचकीला घड्याळ लावा आणि तिच्यानंतरच्या दहा टिचक्या मोजा. त्यांना १८ सेकंद लागले तर दोष तबकडीचा आहे. ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर हेच अंतर साधारण १.३३ सेकंदांचं असतं.

आवाज अनियमित असेल, दर वेळी वेगळ्या जागी येत असेल, तर बहुधा धूळ किंवा स्थिर वीज असते. मऊ ब्रशने तबकडी पुसा आणि सुईचं टोकही साफ करा. मात्र तो दर वेळी गाण्याच्या त्याच जागी येत असेल आणि १.८ सेकंदांचा हिशेब त्याला लागू पडत नसेल, तर तो टेपवरचा असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी त्याच गाण्याची दुसरी एखादी प्रत किंवा सीडी मिळवून तीच जागा ऐका, शंका फिटेल.

गाणं सुरू व्हायच्या जरा आधी त्याचीच पुसट चाहूल लागते, तीही पुष्कळांना कोड्यात टाकते. शेजारच्या खाचेचा ठसा या खाचेच्या भिंतीवर उमटला की असं होतं. गुंडाळून ठेवलेल्या टेपच्या एका थरावरचं चुंबकन लगतच्या थरावर उतरल्यानेही होतं. शांत सुरुवातीच्या रेकॉर्डवर ते जास्त जाणवतं. ती प्रत बिघडलेली नसते.

'खरखर राहू द्या'

द हू या ब्रिटिश बँडने १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठात केलेला कार्यक्रम त्याच वर्षी 'लाइव्ह ॲट लीड्स' या नावाने रेकॉर्डवर आला. टेपवर टिकटिक आणि खरखर उतरली होती. मूळ एलपीच्या लेबलवर हाताने लिहिलेल्या अक्षरांत सूचनाच छापली गेली की खरखर ठीक आहे, ती दुरुस्त करू नये. ही रेकॉर्ड खरखरीसाठी परत आणू नका. पुढच्या सीडी आवृत्त्यांत हे आवाज काढून टाकले आणि मूळ सहा गाण्यांच्या जोडीला त्या रात्रीची आणखी गाणी घातली. कार्यक्रम लांबलचक ऐकायचा असेल तर त्या घ्याव्यात. पण आम्हांला सहा गाण्यांची एलपीच जास्त घट्ट वाटते. चार माणसं एका दमात वाजवतात आणि श्वास घ्यायच्या आत दुसरी बाजूही संपते.

लेड झेपलिनच्या १९७०च्या तिसऱ्या अल्बममध्ये 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' हे संथ ब्लूज आहे. ते हेडफोनवर ऐकलंत तर गाणं चालू असताना मागे बारीक कुरकुर ऐकू येईल. टर्नटेबल तपासू नका. जॉन बॉनमच्या बास ड्रमचं पेडल कुरकुरतंय. एकदा कळलं की दर वेळी ऐकू येतं, आणि काही दिवसांनी त्याच्याशिवाय गाणं पोरकं वाटेल. त्यांच्याच १९६९च्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये शेवटाकडे गायक रॉबर्ट प्लँटच्या ओळीआधी तीच ओळ दुरून आल्यासारखी ऐकू येते. आधीच्या गायनाचा अंश टेपवरून निघेना, तेव्हा त्याला भरपूर प्रतिध्वनी देऊन तो गाण्यातच मुरवला गेला. रॉकमध्ये याहून सुंदर भूत आम्ही ऐकलेलं नाही.

द पोलीसच्या 'रॉक्सॅन'च्या आरंभी (१९७८) पियानोवर एक वेडावाकडा स्वरमेळ वाजतो आणि कुणीतरी हसतं. बँडचा गायक स्टिंग नकळत पियानोच्या पट्ट्यांवर बसला होता. ते तसंच ठेवलं गेलं.

पेले किणकिणतात त्या रेकॉर्ड

जॅझच्या थेट मैफलींच्या रेकॉर्डबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा होते ती पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीबद्दल. २५ जून १९६१, रविवार. न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये दुपारी आणि रात्री मिळून पाच बैठका झाल्या आणि त्यांतून 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हे दोन अल्बम निघाले. पियानो अगदी हलका होतो तेव्हा मागे पेले किणकिणतात, लोक बोलतात, मध्येच कुणी हसतं. एका बैठकीत वीजही गेली होती. पुढे निघालेल्या संपूर्ण संचात ते खंडित वादनही ऐकायला मिळतं.

'एवढं चांगलं वादन आणि लोक गप्पा मारतायत!' असा राग येणं साहजिक आहे. आम्हांलाही पहिल्यांदा आला होता. पण ही रेकॉर्ड तीन-चारदा ऐका, आणि दर वेळी फक्त डबल बासकडे कान ठेवा. स्कॉट लाफारो नुसती लय धरून ठेवत नाही. एव्हान्सच्या वाक्याला तो मध्येच उत्तर देतो, कधी त्याच्या वर चढून गातो. पॉल मोशियन ब्रशने ड्रमवर जेवढ्यास तेवढंच बोलतो. तिघांत पुढचा कोण आणि साथीचा कोण, हे सांगता येत नाही. त्या रविवारनंतर अकरा दिवसांनी, ६ जुलै रोजी, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. त्या खोलीतल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं, म्हणून ते बोलत होते, पेले उचलत होते. ही किणकिण पुसून काढलेली प्रत कुणी दिली तरी आम्ही घेणार नाही.

पियानोवादक थेलोनियस मंकच्या 'मंक्स म्यूझिक'मध्ये (१९५७) 'वेल, यू नीडन्ट' वाजत असताना कुणीतरी 'कोल्ट्रेन! कोल्ट्रेन!' असं ओरडतं. तो मंकच. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला सोलो (एकट्याचं वादन) सुरू करायला सांगतोय. बड पॉवेलच्या पियानोमागचं गुणगुणणं त्याचं स्वतःचं. पियानोवादक कीथ जॅरेटचे हुंकार आणि पायाची थापही तशीच.

जॅरेटच्या 'द कोल्न कॉन्सर्ट'बद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथे तक्रार थेट वाद्याची असते. 'पियानो पातळ वाजतो' असं म्हणणाऱ्याचा कान चांगला आहे. २४ जानेवारी १९७५च्या रात्री कोलोनच्या ऑपेरागृहात ठरलेला पियानो नव्हताच. मंचावर आला तो सरावासाठी ठेवलेला बोझेंडॉर्फर कंपनीचा लहान पियानो. वरचे स्वर पत्र्यासारखे, खर्ज अशक्त, पेडल धड नाही. तंत्रज्ञांनी कार्यक्रमाआधी तो जमेल तेवढा लावला. जॅरेट मग मधल्या सप्तकांतच रमला, आणि डाव्या हाताने एकच आकृती पुन्हा पुन्हा घोळवत राहिला. तो नाद वाद्याच्या उणिवेतून आला आहे, हे कळल्यावर पहिला भाग वेगळाच ऐकू येतो. हा भाग सुमारे २६ मिनिटांचा आहे आणि एका बाजूवर सलग मावतो. दुसरा भाग मात्र दोन बाजूंवर विभागलाय, कारण एलपीच्या एका बाजूवर तेवढी जागाच नसते. मध्येच वादन थांबतं ते त्यामुळे.

एकाच स्पीकरमधून गाणं येतंय?

बीटल्सचा पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी' (१९६३) स्टीरिओत लावला की एका बाजूने गाणारे आणि दुसऱ्या बाजूने वाद्यं ऐकू येतात. वायर सुटलेली नसते. हे ध्वनिमुद्रण दोन ट्रॅकवर झालं. एका ट्रॅकवर गायन आणि दुसऱ्यावर वाद्यं ठेवली, ती नंतर मोनोत (सगळा आवाज एकाच वाटेने येणाऱ्या मिश्रणात) त्यांचं प्रमाण नीट जुळवता यावं म्हणून. स्टीरिओ प्रत त्याच दोन ट्रॅकवरून निघाली. अशा रेकॉर्ड मोनोतच घ्याव्यात, असं आमचं ठाम मत आहे. मोनोत चौघं एकत्र उभे राहून अंगावर येतात.

१९६७च्या 'सार्जंट पेपर'लाही हेच लागू होतं. मोनो मिश्रणाच्या वेळी बीटल्स स्वतः हजर होते आणि त्यावर बराच वेळ गेला. स्टीरिओ मिश्रण त्यांच्या गैरहजेरीत थोड्या दिवसांत उरकलं. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत वेगाने आणि वरच्या स्वरात आहे, स्टीरिओत संथ. दोन्ही प्रती घरी असतील तर टर्नटेबलचा वेग बिघडला असं समजू नका. याच अल्बमच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीत शेवटच्या खाचेत निरर्थक बडबडीचा तुकडा आहे. सुई आपोआप न उचलणाऱ्या टर्नटेबलवर तो हाताने थांबवेपर्यंत फिरत राहतो. त्याच्या आधी एक फार उंच स्वरही आहे. तो पुष्कळ मोठ्या माणसांना ऐकू येत नाही, कुत्र्याला येतो.

बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'ची (१९६६) मूळ प्रत मोनोच आहे. ब्रायन विल्सनला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं, आणि तो घडवत होता तो ध्वनी एकत्र मिसळलेलाच होता. 'हिअर टुडे'च्या मधल्या वाद्यखंडात मागे कुणी बोलताना ऐकू येईल. तेही मूळचंच.

सूर चढा लागला तर

ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चा प्रश्न इतका साधा नाही. १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवशी, न्यू यॉर्कमधल्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. २ मार्चला मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. ती टेप योग्य वेगाने वाजवली की संगीत थोडं जलद आणि चढ्या सुरात येतं. त्या दिवशीच्या तिन्ही रचना पहिल्या बाजूवर आहेत, म्हणून जुन्या प्रतींची पहिली बाजू चढी आणि दुसरी बरोबर. राखीव यंत्राची टेप योग्य वेगाची होती. तिच्यावरून १९९०च्या दशकात दुरुस्त आवृत्त्या निघाल्या.

रेकॉर्डबरोबर स्वतः वाद्य घेऊन वाजवणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो. त्यांनी दुरुस्त आवृत्तीच घ्यावी. बाकीच्यांनाही आमचा सल्ला तोच आहे. 'सो व्हॉट'मधला पॉल चेंबर्सचा बास योग्य वेगात आणखी निवांत वाटतो, आणि या अल्बमचं सगळं बळ त्या निवांतपणात आहे. जुन्या प्रतीला जुनेपणाचं मोल जरूर आहे, पण सुराच्या बाबतीत ती उजवी नाही.

ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाच्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातल्या कार्यक्रमाचंही (७ जुलै १९५६) तसंच. पॉल गोन्साल्व्हिसने सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली आणि प्रेक्षक उठून नाचू लागले. पण तो कोलंबियाच्या मायक्रोफोनसमोर उभाच नव्हता. त्याच्या समोर होता तो व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीचा. म्हणून मूळ एलपीत तो सोलो दूरचा आणि अंधूक वाटतो. त्या एलपीतला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्याला टाळ्या जोडल्या होत्या. १९९९ साली दोन्हीकडच्या टेप एकत्र जुळवून निघालेल्या आवृत्तीत गोन्साल्व्हिस पहिल्यांदा खोलीत येऊन वाजवतो. तीच घ्या.

फुटका आवाज

बाजूच्या शेवटाकडे आवाज फुटत असेल तर तो अंशतः भूमितीचा परिणाम असतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच मजकूर तिथे दाटीवाटीने बसतो. सुई झिजलेली असेल किंवा काडतूस (सुई जिच्यात बसवलेली असते ती कार्ट्रिज) तिरकं बसलं असेल तर हा दोष उघडा पडतो, म्हणून आधी ते तपासा. सगळ्याच रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात आवाज फुटत असेल तर दोष कोणत्याही एका रेकॉर्डचा नाही.

मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये (२००८) मात्र फुटका आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. आवाज जास्तीत जास्त मोठा करण्याच्या नादात चढउतार दाबून टाकले, आणि ध्वनिलाटांची टोकं छाटली गेली. त्याच गाण्यांची एका व्हिडिओ गेममध्ये आलेली रूपं कमी दाबलेली होती, म्हणून श्रोत्यांना फरक लगेच कळला. प्रत बदलून दिली तरी हे सुधारणार नाही. आम्हांला या अल्बमबद्दल वाईट वाटतं, कारण वादन दमदार आहे.

याच्या उलट टोकाला लेड झेपलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (१९७१) ऐका. हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखाली ड्रम ठेवले, आणि मायक्रोफोन वरच्या मजल्याजवळ टांगले. ड्रमच्या ठोक्यामागून उंच जिन्याची हवा हलते. आवाज कमी ठेवूनही तो ठोका भला मोठा वाटतो.

परत कधी आणायची

१.८ सेकंदांची टिचकी, सुई उडणं किंवा अडकणं, तबकडीचं मध्यावरचं छिद्र सरकल्यामुळे स्वर हेलकावणं, नवी तबकडी वाकडी असणं, चुकीचं लेबल, कव्हरात दुसरीच रेकॉर्ड. यांपैकी काहीही आढळलं तर निःशंक परत आणा. येताना गाण्याचं नाव, बाजू आणि साधारण कोणत्या मिनिटाला आवाज येतो ते कागदावर लिहून आणा, म्हणजे तुमच्यासमोरच ती जागा लावून ऐकता येईल. टेपवरचा आवाज निघाला तर आमच्याकडच्या दुसऱ्या प्रतीवर तीच जागा लावून दाखवू.