पणजीचं काळं कुंकू

मागच्या आठवड्यात पुतण्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पणजा-पणजीचा जुना फोटो एआयनं रंगवून टाकला. पणजीच्या कपाळावर काळं कुंकू, अंगावर काळंच लुगडं. झालं, एक काकू म्हणे, "करणीबिरणी तं नव्हती केली कोणी?" करणी काही नाही हो, हे सगळं चांदीचं काम आहे.

जुन्या कॅमेऱ्यात फोटो काचेच्या प्लेटवर उमटायचा, तिच्यावर सिल्व्हर ब्रोमाइड या चांदीच्या क्षाराचे बारीक कण असायचे. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचं एक पुडकं, कणावर आदळला की आतला इलेक्ट्रॉन सुटतो, चांदीच्या आयनला (इलेक्ट्रॉन कमी असलेल्या अणूला) मिळतो आणि चांदीचा अणू बनतो, असे चार-पाच अणू एका जागी जमले की डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं रसायन, तो अख्खा कण काळा करून टाकतो. पण इलेक्ट्रॉन सुटायला साधारण 2.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात. 450 नॅनोमीटर लांबीच्या लाटेच्या निळ्या फोटॉनकडे 2.75 असतात, 650 च्या लालकडे फक्त 1.9. आता नाला ओलांडायचा तर एकाच उडीत, अर्ध्या अर्ध्या दोन उड्या मारल्या तर माणूस पाण्यातच ना! तसं लाल उजेड कितीही पाडा, प्लेटला पत्ताच नाही, म्हणून तर डार्करूममधे लाल दिवा चालायचा. निगेटिव्हवर, म्हणजे उलट्या उमटलेल्या प्लेटवर, लाल जागा कोरी राहते, प्रिंटवर काळी येते. निळं लुगडं उलट पांढरंफटक. 1873 मधे जर्मनीत फोगेल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं प्लेटमधे रंग मिसळून तिला हिरवा-पिवळा दाखवला, लाल मात्र नंतरही बरीच वर्षं बाहेरच.

अन् हेच कातडीचं. सावळी कातडी लाल उजेड जास्त परत पाठवते, निळा कमी, म्हणून माणूस होता त्याहून काळा उमटायचा. मग स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करून द्यायचे. 1854 मधे पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरनं एका प्लेटवर आठ फोटो बसवायची युक्ती काढली, फोटो स्वस्त झाले, मग साधा कारकूनही खांबाला टेकून, मागं मखमली पडदा सोडून जमीनदारासारखा उभा. पण हे ज्यानं स्वतः पैसे मोजले त्याचं. 1868 ते 1875 मधे इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड छापले, त्यात फोटोखाली बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, जात किंवा जमात लिहिलेली. तिथं उजळ करून द्यायला कोण बसलं होतं?

एआयला यातलं काही माहीत नसतं, त्याला काळं दिसलं, त्यानं काळं ठेवलं. शेवटी आत्याबाईला फोन केला, त्यांनी ते लुगडं स्वतः पाहिलेलं.

"लालभडक होतं बापा, लग्नातलं."

अन् पणज्याचा कोट?

"तो स्टुडिओवाल्याचा. तो काळाच होता."