बांध थेट समुद्रापर्यंत

मादागास्करच्या काही भागांतल्या जुन्या महिन्यांची नावं मोठ्याने वाचून बघा. वात्रावात्रा, फूसा, माका. भाद्रपद, पौष आणि माघ लगेच कानात वाजतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून 400 किलोमीटरवरच्या या बेटावर आपले महिने गेले कसे? उत्तर शोधायला निघालं की थेट पूर्वेला जावं लागतं, इंडोनेशियाकडच्या बोर्निओ बेटापर्यंत. मध्ये सुमारे 7,000 किलोमीटरचा हिंदी महासागर.

बोर्निओच्या आग्नेय भागात बारितो नदीच्या परिसरात मान्यान नावाची भाषा बोलतात. मादागास्करची मालागासी भाषा तिची जवळची बहीण, हे नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ ऑटो क्रिस्तियान दाल यांनी 1951 मध्ये सविस्तर मांडलं. तीनला जावात 'तेलु' म्हणतात आणि मादागास्करमध्येही 'तेलु'च. महिन्यांची संस्कृत नावं मात्र भारतातून थेट गेलेली नाहीत. जावा-सुमात्रात संस्कृतचा प्रभाव पसरला, तिथल्या भाषांमध्ये हे शब्द मुरले आणि मग होडीत बसले. म्हणजे मालागासी लोकांचे हे पूर्वज घर सोडून मादागास्करकडे निघाले, ते इंडोनेशियात संस्कृत शब्द रुजल्यानंतरच. लेखी पुराव्याचा एक चिटोराही नसताना उसन्या शब्दांवरून काळाचा माग काढता येतो, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

पाळीव जनावरांची नावं मात्र वेगळीच दिशा दाखवतात. गाईबैलांना मालागासीत 'उंबी' म्हणतात, पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत 'न्गोंबे'. कुत्रा इथे 'आंबुआ', तिथे 'म्ब्वा'. गोठा भरला तो समोरच्या आफ्रिकी किनाऱ्यावरून.

मग होडीतून काय आलं? ते मातीने सांगितलं. उत्खननात निघालेली माती पाण्यात सोडतात. जड माती तळाला बसते आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, पाण्यात टाकलेल्या धानातले पोचट दाणे वर यावेत तसे. ते बारीक जाळीवर गोळा करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखायचा. धडका दाणा मातीत केव्हाच कुजून जातो. हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून चुलीत सांडला, करपला, म्हणून तो आपल्यापर्यंत टिकला. पूर्व आफ्रिकेचा किनारा, कोमोरोस बेटं आणि मादागास्कर इथल्या 18 ठिकाणांहून पिकांचे असे 2,443 अवशेष मिळाले आणि 2016 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर ज्वारी-बाजरीसारखी तिथलीच धान्यं जास्त निघाली. मादागास्कर आणि कोमोरोसमध्ये मात्र आठव्या ते दहाव्या शतकापासून तांदूळ, मूग आणि कापूस. आपल्याच स्वयंपाकघरातले डबे उघडल्यासारखं वाटतं.

रक्तातही तीच गोष्ट लिहिलेली आहे. आईकडून मुलांकडे जाणाऱ्या डीएनएच्या अभ्यासातून 2012 मध्ये असा अंदाज निघाला, की साधारण 1,200 वर्षांपूर्वी या वस्तीची सुरुवात अवघ्या 30 स्त्रियांपासून झाली असावी आणि त्यातल्या बहुतेक इंडोनेशियाकडच्या होत्या. आकडा गणिती प्रतिकृतीतून आलेला आहे, तेव्हा तो अंदाज म्हणूनच घ्यायचा. तरी एवढ्या मोठ्या देशाच्या मुळाशी एका वाडीत मावतील इतक्या बायका, हे वाचून मी थबकलो होतो. पुढे आफ्रिकेतून आलेली माणसं आणि ही माणसं एकमेकांत मिसळत गेली. आज किनाऱ्यावरच्या लोकांत आफ्रिकी वारसा अधिक आढळतो, मधल्या पठारावर आशियाई. नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे वेझो मच्छीमार अजूनही एका अंगाला लाकूड बांधलेल्या होड्या वापरतात, सिंधुदुर्गातल्या उलांडीच्या होडीसारख्या.

पठारावर मेरिना लोकांचं राज्य उभं राहिलं. त्यांच्या परंपरेतल्या कथा सांगतात, की तिथे आधी वाझिंबा नावाचे लोक राहत होते आणि सोळाव्या शतकात आंद्रियामानेलो या राजाने लोखंडी भाल्यांच्या जोरावर त्यांना हरवलं. त्याची आई स्वतः वाझिंबांची राणी होती, हेही त्याच कथा सांगतात. 1610 च्या सुमारास त्याच्या नातवाने, आंद्रियांजाकाने, एक उंच टेकडी घेतली. तीच आजची राजधानी अंतानानारिव्हो. टेकडीखाली अफाट दलदल होती. तिचा निचरा करून तिथे भातखाचरं काढायला सुरुवात झाली.

माझ्या मते या घराण्याचं खरं बळ त्या चिखलात आहे. ज्याने कोकणात किंवा मावळात भात लावलाय त्याला हे सांगायला नको: एकट्याच्या खाचराला अर्थ नसतो. वरच्याने पाणी सोडलं तर खालच्याचं शेत भिजतं, आणि नदीचा मोठा बांध एका घराला बांधता येत नाही. माणसं एकत्र आणणारा कुणीतरी लागतो. कर म्हणून श्रम घेण्याची मेरिना राजांची पद्धत या कामाला आली, आणि उरलेल्या भातावर सैन्य पोसलं गेलं.

अठराव्या शतकात राज्याचे चार तुकडे झाले होते. 1787 च्या सुमारास अंबोहिमांगाच्या टेकडीवर गादीवर आलेल्या आंद्रियानांपुइनिमेरिनाने ते पुन्हा जोडले. नावाचा अर्थ, इमेरिनाच्या, म्हणजे मेरिनांच्या मुलखाच्या, हृदयातला राजा. त्याने बंधारे वाढवले, बाजार आणि मापं नीट लावून दिली. त्याचं वाक्य मादागास्करमध्ये आजही सांगतात: 'समुद्र हाच माझ्या भातखाचराचा बांध.' सगळं बेट एका राज्याखाली आणायची आकांक्षा एका शेतकऱ्याच्या शब्दात. पण लढायांत पकडलेली माणसं गुलाम म्हणून विकून बंदुका घेतल्या जात होत्या. ती किंमत विसरून या राजाचं कौतुक करता येत नाही.

त्याचा मुलगा पहिला रादामा याने 1817 मध्ये ब्रिटिशांशी करार करून गुलामांची निर्यात थांबवायचं कबूल केलं. त्याच्याच काळात मालागासी रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली. त्याच्यामागे पहिल्या रानावालोना राणीने 33 वर्षं राज्य केलं. 1896 मध्ये फ्रान्सने बेट गिळलं आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या रानावालोनाला हद्दपार केलं. शेवटची राणी 1917 मध्ये अल्जीअर्सला वारली. 1960 मध्ये देश स्वतंत्र झाला.

मालागासीत जेवण्याला जो शब्दप्रयोग आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'भात खाणं'. भात काढून झाला की भांड्याच्या तळाला लागलेल्या खरवडीत पाणी ओततात आणि उकळतात. फिकट तांबूस, किंचित करपट वासाचं ते पाणी जेवताना सगळे पितात.