टपोऱ्या डोळ्यांचं माहेर

ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधल्या, टपोऱ्या डोळ्यांचा विषय निघाला की चित्रकथाकार ओसामु तेझुका आणि त्यांच्यावरचा डिस्नेचा प्रभाव, एवढ्यावर बोलणं आटोपतं. तेझुकांना डिस्नेचं वेड होतंच. पण या चेहऱ्याचं माहेर शोधायचं तर जपानी मुलींची जुनी मासिकं उघडावी लागतात.

जुनइची नाकाहारा आधी बाहुल्या करायचे. १९३२ साली, विशीही गाठली नव्हती तेव्हा, तोक्योच्या गिंझा भागात त्यांच्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरलं. लवकरच 'शोजो नो तोमो' या मासिकात त्यांची चित्रं येऊ लागली: सडपातळ, विचारात हरवलेल्या मुली आणि बाहुलीसारखे भलेमोठे डोळे. युद्धाच्या धामधुमीत लष्कराला असली नाजूक चित्रं खपेनात. १९४० मध्ये नाकाहारांना मासिक सोडावं लागलं. १९४५ मधल्या जपानच्या शरणागतीनंतर वर्षभराने, खाण्यापिण्याचीही ददात असताना, त्यांनी 'सोरेइयु' हे नवं मासिक काढलं आणि मुलींना पुन्हा सुंदर चित्रं दिली. ही जिद्द मला फार मोठी वाटते. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या रुने नाइतो यांनी पुढे डोकं मोठं केलं, डोळे दूर सरकवले आणि चेहरा थेट बालिश केला.

तेझुका वाढले ताकाराझुकात. तिथल्या प्रसिद्ध नाटक मंडळीत सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात. त्या रंगमंचाचा थाट १९५३ साली त्यांनी मुलींच्या मासिकातल्या पुरुषवेशातल्या राजकन्येत उतरवला.

मग टीव्ही आला. १ जानेवारी १९६३ला तेझुकांची 'ॲस्ट्रो बॉय' ही यंत्रमानव मुलाची मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, पैसा तुटपुंजा. सेकंदाला २४ फ्रेम लागतात. इथे एकच चित्र तीन-तीन फ्रेमना वापरायचे, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ चित्रं. शरीर स्थिर ठेवून चेहऱ्यावर निभावून न्यायचं, तर अभिनयाचा भार डोळ्यांवरच येणार. पापणी लवली, पाणी तरळलं, की दोन-चार चित्रांत प्रसंग उभा. गोंडस चेहरा टीव्हीवर टिकला त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे. शिवाय चॉकलेटसोबत मिळणाऱ्या ॲस्ट्रो बॉयच्या स्टिकरनी दाखवून दिलं की असा चेहरा वस्तूही खपवतो.

मोठं कपाळ, खाली बसलेले मोठे डोळे, इवलंसं नाक पाहून माणसाला माया येते, हे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्येच मांडलं होतं. पण बाळं सगळीकडेच असतात. जपानमध्ये ही माया पोसणारा वाचकवर्ग होता तो शाळकरी मुलींचा. सत्तरच्या दशकात त्या अक्षरंसुद्धा गोल गरगरीत काढू लागल्या. काही शाळांनी त्यावर बंदी घातली. १९७४ मध्ये 'हॅलो किट्टी' हे गोंडस पात्र आलं ते याच मुलींसाठी.

१९९२ची 'सेलर मून' मालिकाही मुलींच्या मासिकातूनच पडद्यावर आली. तिच्यात मला दोन्ही घराणी एकत्र दिसतात. एरवी लांब पायांच्या, पाणीदार डोळ्यांच्या नायिका नाकाहारांच्या वळणाच्या. रागावल्या किंवा रडू लागल्या की त्याच क्षणात बुटक्या, मोठ्या डोक्याच्या होतात, ते वळण नाइतोंचं.