चुलीचा धूर गर्भाच्या डीएनएपर्यंत कसा पोचतो

कपाशीचा हंगाम आटोपला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांत घरामागे पऱ्हाट्यांचे ढीग उभे राहतात. घरात गॅस असला तरी पाणी तापवायला, कळण्याच्या भाकरी भाजायला, सणाला खापरावर मांडे टाकायला चूल पेटतेच. तिच्यापुढे बसलेली बाई कधी पाच-सहा महिन्यांची गरोदर असते. तिचा खोकला, चुरचुरणारे डोळे सगळ्यांना दिसतात. त्या धुरातलं काही तिच्या बाळाच्या डीएनएला जाऊन चिकटतं, ते मात्र दिसत नाही.

लाकूड, कोळसा, डिझेल अर्धवट जळलं की बहुचक्रीय हायड्रोकार्बन नावाची संयुगं तयार होतात. त्यातलं बेन्झोपायरिन सर्वांत जास्त अभ्यासलेलं. मूळ रूपात ते डीएनएला काहीच करत नाही. पण ते चरबीत विरघळतं, म्हणून शरीर त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करून बाहेर टाकायला बघतं, आणि त्याच खटपटीत मध्येच एक अतिशय क्रियाशील रूप जन्माला येतं. ते डीएनएमधल्या ग्वानिन या अक्षराला घट्ट चिकटतं. पेशी डीएनएची नक्कल करू लागली की या जागी अडखळते आणि कधी चुकीचं अक्षर बसवते. ती चूक पुढच्या प्रत्येक पेशीत उतरते.

पेशी गप्प बसत नाही. असं काही चिकटून डाग पडलेला तुकडा कापून काढून ती जागा नव्याने भरते. या दुरुस्तीची उकल करणारे अझीझ सँकार २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी आहेत. गर्भात मात्र पेशी भराभर विभागतात, दुरुस्तीला उसंत कमी मिळते. विष निकामी करणारी यंत्रणाही अजून कच्ची असते.

वार, म्हणजे गर्भाला आईशी जोडणारा अवयव, बऱ्याच जंतूंना अडवते, पण चरबीत विरघळणारे हे छोटे रेणू तिच्यातून पार होतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून असा अंदाज आहे की आईच्या तुलनेत गर्भाला त्यांचा साधारण दहावा हिस्सा मिळतो. कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रेडरिका परेरा यांनी न्यूयॉर्क, पोलंड आणि चीनमधल्या बाळंतिणींचं रक्त आणि बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. हिस्सा दहावा, तर डागही दहाव्या हिश्श्याइतकेच असायला हवे होते. ते जवळपास आईइतकेच निघाले, काही ठिकाणी जास्तही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते.

गर्भ मुलीचा असेल तर आणखी एक पिढी यात येते. तिच्या आयुष्यभराच्या अंडपेशी आईच्या पोटातच, पाचव्या महिन्याच्या सुमारास, लाखोंच्या संख्येने तयार झालेल्या असतात. म्हणजे उद्याच्या नातवंडाचा अर्धा वारसा आजच्या गरोदर बाईच्या पोटात असतो.

डाग पडला म्हणजे मूल व्यंगाचं होणार, असं मुळीच नाही. बहुतेक डाग दुरुस्त होतात. म्हणून कुणा आईला धाक घालू नये, आणि दोष तर तिला देऊच नये. चूल कोणती असावी हे सहसा ती एकटी ठरवत नाही. चूल बाहेर पडवीत नेणं, धुराडं बसवणं, गरोदरपणात चुलीचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी उचलणं, यानेही श्वासातला धूर कमी होतो. मशेरीचंही तसंच. तव्यावर तंबाखू भाजून केलेल्या मशेरीत हीच संयुगं असतात, वर निकोटिन आणि नायट्रोसामाइन्स ही तंबाखूची खास कर्करोगकारक संयुगंही. ती सोडवणं घरातल्या सगळ्यांचं काम आहे.

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राची धुराडी पाहत वाढलेल्यांना चीनमधल्या तोंगलियांगची हकिकत जवळची वाटेल. तिथलं कोळशावरचं वीज केंद्र २००४ मध्ये बंद झालं. परेरा यांच्या गटाने २००२ मध्ये जन्मलेली बाळं आणि २००५ मध्ये जन्मलेली बाळं तपासली. दुसऱ्या गटाच्या नाळेतल्या रक्तात डीएनएवरचे डाग कमी होते. पहिल्या गटात ज्या मुलांवर डाग जास्त, ती दोन वर्षांची झाल्यावर हालचालींच्या विकासात मागे दिसली होती. केंद्र बंद झाल्यानंतरच्या मुलांमध्ये तो संबंध आढळला नाही.